उतरंडीतली बाटली

नळाखाली लावलेली कळशी केव्हाच भरली होती. पाणी काठावरून ओसंडून लीलेच्या पायांवर पडत होतं, तिथून चौकातल्या फरशीवर पसरत होतं, आणि लीला वाकलेली ती वाकलेलीच होती. मागून कुणी म्हणालं, "अहो लीलाबाई, उचला की." मग दुसरं कुणी जरा वरच्या पट्टीत म्हणालं. तिला सगळं ऐकू येत होतं. एक हात कळशीच्या गळ्याला, एक बुडाखाली, मग कमरेवर घ्यायची, मग जिना. हे सगळं तिला ठाऊक होतं. पण त्या पहिल्या हालचालीपर्यंत पोचायला मधे जे काही लागतं ते तिच्यापाशी नव्हतं. शेवटी शेजारणीनं तिला खांद्याला धरून बाजूला केलं, कळशी सरकवली आणि आपली बादली लावली. कुणीतरी हसलं. लीलेला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं असतं तर बरं झालं असतं, असं ओल्या पायांनी जिना चढताना तिच्या मनात आलं. कळशी खालीच राहिली होती, हे खोलीत आल्यावर लक्षात आलं, आणि ती दाराला टेकून तशीच बसली.

नथू संध्याकाळी छापखान्यातून आला तेव्हा ती तिथंच होती. तो यंत्रावर काम करायचा, त्याच्या नखांतली शाई घासूनही जायची नाही. त्या हातांनी त्यानं तांदूळ धुतले, स्टोव्ह पेटवला, चार वर्षांच्या यमूला भरवलं. तो रागावला नाही. गणपती उठल्यापासून हे असंच चाललं होतं. आधी झोप गेली, मग चव गेली, मग हळूहळू खोलीतल्या वस्तू लांब गेल्या. यमू मांडीवर येऊन बसली की लीलेला तिचं वजन कळायचं, ऊब कळायची, पण ती कुणाची मुलगी आहे हे जणू कुणीतरी सांगायला हवं असायचं. एकदा यमूनं तिच्या उघड्या डोळ्यांपुढं हात हलवला आणि बापाला विचारलं, "आई झोपलीय का?" तो प्रश्न लीलेच्या आत कुठंतरी पडला आणि तळाला लागलाच नाही.

पेठेतल्या डॉक्टरनं शक्तीचं औषध दिलं, ते संपलं. मग छापखान्याच्या मालकानं एका मनाच्या आजारांच्या डॉक्टरचं नाव सांगितलं. त्याच्याकडं जायचं म्हणजे लोक काय म्हणतील, या विचारानं नथूनं आठवडा काढला. डॉक्टर तरुण होता, हळू बोलायचा. तो लीलेशी बराच वेळ बोलला आणि मधेमधे ती गप्प बसली तर गप्प बसू दिलं. नथूनं दबक्या आवाजात विचारलं, "हे वेड म्हणायचं का साहेब?"

"नाही. आजार म्हणायचं. कावीळ होते, तसा हाही होतो. फक्त डोळ्यांत पिवळा दिसत नाही." मग तो लीलेकडं वळला. "या गोळ्या नव्या आहेत. आज घेतल्या आणि उद्या बरं वाटलं, असं होणार नाही. काही आठवडे नुसता त्रासच वाटेल. तोंड कोरडं पडेल, पोट साफ होणार नाही, एकदम उठलात तर चक्कर येईल. उठताना आधी बसायचं, मग उठायचं. कंटाळून मधेच बंद करायच्या नाहीत, आणि बरं वाटलं म्हणूनही नाहीत. बंद कधी आणि कशा करायच्या ते मी सांगेन. आणि या तुमच्याच. दुसऱ्या कुणाला असंच होतंय म्हणून द्यायच्या नाहीत." लीला मान हलवत होती. निघताना तिला बाकावर बसवून डॉक्टरनं नथूला परत आत बोलावलं. दार नीट लागलं नव्हतं. "हाताला ताकद आधी येते, मनाला उभारी मागून," तो सांगत होता. "त्या मधल्या दिवसांत फार जपा. बाटली यांच्या हाताशी ठेवू नका. ज्याच्यावर भरवसा आहे अशा माणसाजवळ द्या." बाहेर बाकावर लीलेनं ते ऐकलं. आपल्याबद्दल बोलताहेत हे तिला कळलं, पण त्यात घाबरण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

नथू दिवसभर कामावर, घरात दुसरं कुणी नाही. यमूला त्यानं बहिणीकडं ठेवलं आणि लीलेला घेऊन मुळशीला तिच्या माहेरी निघाला. एसटीनं पौड, तिथून दुसरी गाडी. यमू बहिणीच्या कडेवरून रडत हात पसरत होती, आणि गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा लीलेला सुटल्यासारखं वाटलं. आता तिच्यापुढं आई असल्याचं सोंग करायला नको. मग गाडीत बसल्या बसल्या त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच भीती वाटायला लागली. ती भीती तिला ओळखीची होती. लहानपणी आपल्या आईकडं पाहताना ती जे शोधायची आणि जे सापडायचं नाही, तेच आता आपल्यात नाही.

तिची आई, तुळजाबाई, धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला दोन खाचरं आणि एक म्हैस घेऊन एकटी राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेजारी चुलत जाऊ साळूबाई, एवढाच गोतावळा. बाई उंच, हाडापेराची, बोलायला तोडकी. नथूनं सगळं सांगितलं तेव्हा ती अंगण झाडत होती. झाडून झाल्यावर तिनं केरसुणी ठेवली आणि म्हणाली, "परत सांगा, पाव्हणं." त्यानं परत सांगितलं. तिनं ते बोटांवर घेतलं. "दिसातनं तीन येळा. उठताना बसून उठायचं. मधी सोडायच्या न्हाईत. दुसऱ्या कुनाला द्यायच्या न्हाईत. बाटली हिच्या हाताला लागू द्यायची न्हाई." नथूनं तिच्यापुढं बाटली धरली. ती घेऊन ती आत गेली आणि मडक्यांच्या उतरंडीतली वरची तीन उतरवून चौथ्यात ठेवली. लीला उंबऱ्यात उभी राहून बघत होती. लपवायचं तरी तिच्यासमोर लपवत होती. आईला तेवढंही पटकन सुचत नाही, का आपल्याला मोजतच नाही, असं तिला वाटलं.

दिवस सुरू झाले. सकाळी, दुपारी, तिन्हीसांजेला तुळजाबाई गोळी तळहातावर घेऊन यायची, लीलेनं गिळली की म्हणायची, "त्वांड उघड. जीब वर कर." त्यात माया नव्हती, गुरासमोर वैरण टाकावी तसं ते होतं. भाताचा घास तोंडात फिरत राहायचा, थुंकीच नसल्यामुळं वाळू चघळल्यासारखा. उठलं की घर एकदा हलायचं आणि मग जागेवर यायचं. घाम यायचा. सुईत दोरा जायचा नाही, जवळचं सगळं धुरकट दिसायचं. गोळीनं दुसरं काही होतंय असं लीलेला वाटत नव्हतं. आतलं ओझं तसंच होतं आणि वर हे सगळं. साळूबाई रोज संध्याकाळी यायची आणि लीलेच्या तोंडावर म्हणायची, "गोळ्यांनी वाळून चाललीया पोर. लई उष्ण असत्यात त्या. कोळवणला एक जाणता हाय, त्याच्याकडं न्हेऊ." तुळजाबाई म्हशीपुढं वैरण टाकता टाकता म्हणाली, "न्हाई. आठवडं लागतील म्हनून सांगितलंय. लागू देत." साळूबाईनं मान झटकली. "तुला काय, तुजं काळीज दगडाचं. तवाबी तसंच हुतं." 

तवा म्हणजे कधी, ते लीलेला माहीत होतं. ती पाच-सहा वर्षांची असेल. माजघरात कणगीच्या आड आई पडलेली असायची, पाठ इकडं करून. पाठीवरची चोळीची गाठ आणि मानेवर चिकटलेले केस, त्या सगळ्या वर्षाची आई तिला एवढीच आठवत होती. वेणी साळूकाकी घालायची, जेवायला काकी वाढायची. एकदा लीलेनं पायात बाभळीचा काटा मोडून घेतला आणि रडत त्या पाठीशी जाऊन बसली. पाठ हलली नाही. रडून रडून ती तिथंच झोपली. नंतर एक दिवस आई उठली आणि त्या दिवसापासून कामाला लागली ती लागलीच. लावणी, कापणी, शेण, पाणी, पण बोलणं कामापुरतं, आणि हसताना तिला कुणी पाहिलं नाही. लग्नात बाकीच्या बायका रडल्या, आईनं मुलीच्या पदराला नारळ बांधला आणि गाठ नीट बसलीय का ते ओढून पाहिलं. आईला मी नको होते. माणसाला आपल्या गावाचं नाव ठाऊक असतं तसं लीलेला हे ठाऊक होतं. त्यावर कधी वाद घातला नव्हता, रडणंही कधीच सोडून दिलं होतं.

भातं कापणीला आली आणि एका सकाळी लीला सांगितल्याशिवाय उठली, विळा घेऊन आईच्या मागं खाचरात गेली. हात चालत होते. पेंढ्या बांधताना बोटांना ताकद लागत होती आणि बोटांत ती होती. साळूबाई म्हणाली, पोर सुधारली. लीलेलाही क्षणभर तसं वाटलं. मग दुपारी बांधावर बसली असताना तिच्या लक्षात आलं की सुधारले ते फक्त हात. आत सगळं तसंच आहे, उलट आता जास्त स्वच्छ दिसतंय. इतके दिवस विचारसुद्धा अर्ध्यावर गळून पडायचे. आता ते शेवटापर्यंत जात होते. यमूला आत्याची सवय होईल. नथू माणूस चांगला आहे, दुसरं लग्न करील. कुणाचंच काही अडणार नाही. हिशोब सरळ होता. समोर धरणाचं पाणी पसरलं होतं, त्यावर ऊन, आणि तिला कशाचीही घाई वाटत नव्हती.

दोन दिवसांनी तुळजाबाई खळ्यावर झोडपणीला गेलेली असताना लीलेनं उतरंडीची मडकी एकेक करून खाली ठेवली. आवाज झाला नाही. बाटली हातात आली तेव्हा ती मडक्याच्या गारव्यानं गार होती. लीला तिथंच जमिनीवर बसली. आपण काय ठरवलंय ते तिनं स्वतःलाही सांगितलं नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे, दारातला उजेड कमी झाला म्हणून तिनं वर पाहिलं. तुळजाबाई उंबऱ्यात उभी होती, केसांत भाताचं कुसळ, हातात काही नाही. ती ओरडली नाही. आत आली, लीलेशेजारी बसली आणि हात पुढं केला.

"दे."

लीलेनं बाटली दिली. "आये, मी कशाला काढली मला कळत नाही."

"मला कळतंय," तुळजाबाई म्हणाली. बाटली तिनं लुगड्याच्या ओच्यात घालून कमरेला घट्ट खोचली. "आता ही हितंच ऱ्हाईल. मधलं दिस हायेत ह्ये. पाव्हण्यांनी सांगितलं हुतं. जातील." आणि ती तिथंच बसून राहिली. खळ्यावर भात उघडं पडलं होतं, पाखरं उतरली असतील, म्हैस हंबरायला लागली. ती उठली नाही. दिवस मावळेपर्यंत दोघी कणगीशेजारी बसून होत्या आणि कुणी कुणाला शिवलं नाही. लीलेला वाटलं, ही माझ्यावर पहारा करतेय. दुसरं काही तिला वाटलं नाही.

त्यानंतरचे दिवस खरोखरच गेले. कधी गेले ते सांगता येणार नाही. एका सकाळी चहा गोड लागला. मग कोंबड्याचं आरवणं नुसतं कानावर न पडता ऐकू आलं. थंडी वाढली होती, पाण्यावरून धुकं घरापर्यंत यायचं आणि लीला घोंगडी पांघरून बघत बसायची. आणि एका संध्याकाळी भात उफणताना आई गात होती. ओवीसारखं काही, शब्द कळत नव्हते, स्वर जरा बसका. लीला जागीच थांबली. आईच्या तोंडून गाणं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. मग लक्षात यायला लागलं की आई दोनदा भात वाढून घेते, साळूबाईच्या बोलण्यावर तिचे ओठ हलतात, एकदा तर ती ओढ्यातली बारकी मासळी, मुऱ्या, घेऊन आली, तळल्या आणि म्हणाली, "खा, लई ग्वाड हायेत." लीलेला आनंद व्हायला हवा होता. तिला राग आला. मी इथं मरणाच्या दारातून येतेय आणि हिला गाणं सुचतंय. मी आजारी पडले तेच हिला मानवलं की काय. तो राग कितीतरी महिन्यांनी आलेली पहिली धगधगीत गोष्ट होती, म्हणून लीलेनं तो सोडला नाही. दोन दिवस ती आईशी बोलली नाही.

त्या दिवसांतच तुळजाबाई चिमणीकडं बघून म्हणाली, "ज्योतीभवती कडं दिसतंय. इंद्रधनुष्यावानी." लीला काही बोलली नाही. आईनं काच पुसली, वात कापली. दुसऱ्या दिवशी तिचा उजवा डोळा लाल झाला. तिसऱ्या दिवशी तिनं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि भिंतीशी टेकून बसली; ओकारी झाली, परत झाली. साळूबाईनं डोळ्यात शेळीचं दूध घातलं, पाला वाटून बांधला. डोळा आला असेल, थंडी बाधली असेल. लीलेला अबोल्याची लाज वाटत होती आणि ती आईचं डोकं चेपत होती. आईच्या कपाळाला हात लावायची ही तिची पहिलीच वेळ. पाल्यात आणि दुधात दोन दिवस गेले. मग आई म्हणाली, "ह्या डोळ्यानं उजेडबी दिसंना," तेव्हा गावातल्या कोंडिबानं बैलगाडी जुंपली आणि पौडच्या डॉक्टरनं डोळ्याकडं बघितल्या बघितल्या पुण्याला पाठवलं.

सरकारी दवाखान्यातला डोळ्यांचा डॉक्टर वयस्कर होता. त्यानं बोटांनी दोन्ही बुबुळं दाबून पाहिली आणि विचारलं, "कुठलं औषध चालू आहे?"

"काही नाही," लीला म्हणाली. नथू शेजारी उभा होता, तोही म्हणाला, "सासूबाई कधी औषध घेतच नाहीत."

डॉक्टरनं तुळजाबाईलाच परत विचारलं.  तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं आणि म्हणाली, "हिच्या गोळ्या. रोज रातच्याला एक."

गेल्या खेपेला तिनं नथूला गोळ्या जास्त आणायला सांगितल्या होत्या, बऱ्याचशा उंदरानं सांडल्या म्हणून. नथूनं आणल्या होत्या. आता तो भिंतीला टेकला. डॉक्टर रागावला नाही, थकल्यासारखा बोलला. डोळ्यातलं पाणी वाहून जायची वाट यांची मुळातच अरुंद. कित्येकांची असते, कुणाला कळतही नाही. या गोळीनं ती वाट बंद झाली आणि पाणी आत तुंबलं. हा काचबिंदू. दुखायला लागलं त्याच दिवशी आणलं असतं आणि काय घेतलंय ते सांगितलं असतं तर डोळा बहुतेक राहिला असता. मुलीला जी गोळी चालली ती आईला चालेल असं नसतं. उजवा गेला. डावा त्यांनी शस्त्रक्रिया करून वाचवला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात उन्हाला बसलेल्या असताना लीलेनं विचारलं. आधी नुसतं "का गं आये," एवढंच.  समोर कुणाचे तरी नातेवाईक डबा सोडून जेवत होते.

"तुला त्या दिशी बाटली घिऊन बसलेली बघितलं," तुळजाबाई म्हणाली, "आन माजं मला आठवलं. म्या बी ग्येले हुते. धरनाच्या काठाला. तू ल्हान हुतीस. कंबरंएवढ्या पान्यात हुबी ऱ्हायले."

"मग?"

"मंग आले मागं. का आले त्ये ठावं न्हाई." तिनं चांगल्या डोळ्यावर हाताची सावली धरली. "काय झालं हुतं म्हनशील तर काईच झालं न्हवतं. खायाला हुतं, तुजा बा मारीत न्हवता. सकाळ व्हायची आन वाटायचं, परत कशाला झाली. तू रडायचीस त्ये ऐकू यायचं. हात उचलत न्हवता गं. पायात काटा घिऊन आलीस, मला समदं कळत हुतं. हात उचलत न्हवता."

लीला तिच्याकडं सरकली.

"काम करत ऱ्हायलं की त्ये मागं ऱ्हायचं. ग्येलं न्हाई कदी. मला वाटलं, मानसाचं असंच असतंय. पाव्हण्यांनी सांगितलं, ह्यो आजार हाय, ह्याला गोळी हाय, तवा कळलं. एवढी वर्सं. बाटली रातदिस कमरंला. घेतली एक."

"मला सांगायचं होतं. डॉक्टरला विचारलं असतं. त्यांनी तपासलं असतं."

"काय सांगू? साठीला आल्यावर सांगू, मला रडू येतंय म्हनून?"

लीलेनं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. आईचा हात बराच वेळ बाजूला पडून होता, मग तो उचलला गेला आणि लीलेच्या डोक्यावर येऊन थांबला, काय करायचं ते न कळल्यासारखा.

गावी परतल्यावर लीलेनं गोळ्या सोडल्या. कुणाला सांगितलं नाही. आई आता जीभ वर करायला लावत नव्हती; जिभेखाली धरायची आणि गोठ्यामागं थुंकायची. आईचा डोळा गिळतोय असं प्रत्येक गोळीला वाटायचं. चार-सहा दिवसांत पोटात ढवळायला लागलं, झोप उडाली, अंगाला कापरं भरलं, आणि एका पहाटे ते जुनं लांब जाणं परत आलं; भिंत लांब गेली, आपला हात लांब गेला. तुळजाबाईनं गोठ्यामागं शेण भरताना गोळ्या पाहिल्या. ती आत आली, एका डोळ्यानं चाचपडत लीलेसमोर बसली. एवढं चिडलेलं लीलेनं तिला कधी पाहिलं नव्हतं.

"माजा डोळा ग्येला तो ग्येला. आता त्यो फुकट घालवू नगंस. पोर हाय तुला. त्वांड उघड."

लीलेनं तोंड उघडलं. दुसऱ्या दिवशी नथूला बोलावून घेऊन ती पुण्याला डॉक्टरकडं गेली आणि सगळं सांगितलं, थुंकलेल्या गोळ्यांसकट. डॉक्टरनं थोड्यापासून परत सुरू केल्या. "आईला दुसरं काही नाही का?" तिनं विचारलं.  त्या डोळ्यांना चालेल असं खात्रीचं आज आपल्याजवळ नाही, तो म्हणाला. पण त्यांना घेऊन या, बोलू दे, बोलण्यानंही काही हलकं होतं. तुळजाबाई एकदा आली. एसटीत तिला ओकारी झाली. डॉक्टरसमोर ती पदर सावरून बसली, विचारेल त्याला व्हय-न्हाई म्हणाली, आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "मानूस चांगला हाय. पर मला येवडं बोलायची सवं न्हाई." परत यायला ती तयार झाली नाही. तिचं गाणं शिमग्याच्या आधीच थांबलं होतं. भात पुन्हा एकदाच वाढून घ्यायला लागली. लीला पुण्याला आपल्या खोलीत परत आली, यमूला घेऊन आली; पहिल्या रात्री यमू तिच्याजवळ झोपेना, आत्या पाहिजे म्हणून रडली, आणि लीला तिला थोपटत, आपलंही रडू येतंय हे जवळजवळ आनंदानं जाणवून घेत बसली.

वर्ष-सव्वा वर्षानं डॉक्टरनं गोळ्या हळूहळू उतरवत नेल्या, आणि एके दिवशी म्हणाला, आता नकोत. पण तसं काही परत वाटलं तर वाट न बघता या. वैशाखात लीला यमूला घेऊन मुळशीला गेली. तुळजाबाई आणखी वाळली होती. डाव्या डोळ्यालाही आता कमी दिसायचं. गोठ्यापासून विहिरीपर्यंत तिनं दोरी बांधून घेतली होती. यमू दोरी धरून इकडून तिकडं पळत होती आणि आजी ओसरीवर बसून त्या आवाजाकडं तोंड फिरवत होती.

"सुटल्या म्हन गोळ्या," ती म्हणाली.

"व्हय. सुटल्या."

"बरं झालं."

 लीलेला जे विचारायचं होतं ते तिनं कितीतरी महिने मनात धरलं होतं, आणि विचारून उपयोग नव्हता हेही तिला माहीत होतं. तरी तिनं विचारलं. "आये, त्या दिवसांत तुला कसं वाटायचं गं? तू गायचीस तेव्हा."

तुळजाबाईनं हात गुडघ्यांवर ठेवले. 

"काय न्हाई," ती म्हणाली. "सकाळी जाग आली की वाटायचं, उठून तुजं त्वांड बघावं."